मातीला विचारून पाणी

एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-नाशकाकडे घरापुढची जी हिरवळ पिवळी पडते, तिला बहुतेक वेळा रोज पाणी मिळत असतं. ऊन कललं की पाईप सोडायचा, नोझल फुलवून वीस मिनिटं सगळीकडे फवारा फिरवायचा आणि मातीचा वास सुटला की नळ बंद करायचा, हा अनेक घरांचा शिरस्ता. पानं धुऊन निघतात, अंगण गार होतं, बघायला बरं वाटतं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तेच गवत मलूल होतं, त्याचा रंग निळसर-राखी दिसायला लागतो, आणि मग संध्याकाळी आणखी पाच मिनिटं फवारा मारला जातो. अंगणात सडा घालायची आपली सवय जुनी आहे आणि चांगलीही आहे. धूळ बसवायला आणि जमीन गार करायला सडा उत्तमच. पण सड्याने मुळं भिजत नाहीत. बागकामाच्या अनुभवावरून माझं ठाम मत आहे की एकदा रुजलेल्या हिरवळीला भर उन्हाळ्यातही रोज पाणी देऊ नये. जेव्हा द्यायचं तेव्हा मुळांच्या तळापर्यंत पोचेल इतकं द्यावं, आणि पुढचं पाणी कधी, ते मातीला विचारून ठरवावं.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी सारखं पसरलं की त्याचा थर एक मिलिमीटर जाडीचा होतो. घरच्या अर्ध्या इंची पाईपला बऱ्यापैकी दाब असेल तर मिनिटाला साधारण बारा लिटर पाणी येतं. वीस लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं की आपल्या नळाचा नेमका आकडा हाती येतो. शंभर चौरस मीटर, म्हणजे हजार-अकराशे चौरस फुटांची हिरवळ धरली तर वीस मिनिटांत तिच्यावर २४० लिटर पाणी पडतं. म्हणजे फक्त २.४ मिलिमीटर! त्यातलं बरंचसं पानांवर, कापून पडलेल्या काडीकचऱ्यावर आणि मातीच्या वरच्या पापुद्र्यावरच अडतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत उडून जातं. आठवडाभर हेच केलं की १६८० लिटर पाणी खर्ची पडतं, पण मुळापर्यंत त्यातलं फार थोडं जातं. पाणी नुसतं कमी पडतं असं नाही. जिथे जायला हवं तिथे ते पोचतही नाही.

याचा पुरावा प्रत्येकाच्या अंगणात आहे. रोज फवारा मिळणाऱ्या हिरवळीच्या कडेला खुरपं उभं रोवून वीतभर खोलीची पाचर अलगद उचलून पाहावी. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती काळसर, ओलसर दिसते. तिच्यात पांढऱ्या मुळ्यांचं दाट जाळं असतं. त्याखाली रंग एकदम फिका होतो, माती ढेकळासारखी कडक लागते आणि मुळ्या जणू कुणी कापल्यासारख्या तिथेच थांबलेल्या असतात. कोरड्या मातीत शिरून मुळी पाण्याचा शोध घेते हा समज खरा नाही. मुळी वाढते ती ओल असेल तिथे. खालच्या थरात कधी ओल गेलीच नाही तर हरळीसारखं चिवट गवतही तीन सेंटिमीटरवर संसार थाटतं. एरवी याच हरळीची मुळं मोकळ्या, खोल जमिनीत हातभर सहज उतरतात. आणि वरचा तीन सेंटिमीटरचा थर मे महिन्याच्या दुपारी सगळ्यात जास्त तापणारा आणि सगळ्यात आधी सुकणारा. रोजच्या फवाऱ्याने आपण गवताला अशाच जागी राहायची सवय लावतो, आणि मग ते रोज पाणी मागतं.

गवताला लागतं तरी किती? पिकांच्या पाण्याचं सगळं शास्त्र गवताच्याच मापावर उभं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात बारा सेंटिमीटर उंचीचं, जमीन पूर्ण झाकणारं, पाण्याची ददात नसलेलं हिरवं गवत हा संदर्भ मानला आहे. त्यातून दिवसाला जितकं पाणी हवेत जातं, त्याच्याशी ऊस, गहू, द्राक्ष यांची तुलना करतात. पुण्याकडे मे महिन्यात हा आकडा दिवसाला साधारण सहा-सात मिलिमीटर येतो, विदर्भात आणखी वर जातो. आपल्याकडच्या हिरवळीची गवतं, म्हणजे हरळीचे निवडक वाण किंवा सुईसारख्या पानांचं कोरियन कार्पेट, ही उष्ण प्रदेशातली काटकसरी गवतं आहेत. संदर्भाच्या साठ-सत्तर टक्क्यांत त्यांचं भागतं. म्हणजे पुण्यात दिवसाला चार-साडेचार मिलिमीटर. आता माती ही टाकी समजा. बऱ्या पोताच्या मातीत दर दहा सेंटिमीटर खोलीला गवताला घेता येईल असं पंधरा-सोळा मिलिमीटर पाणी मावतं. त्यातलं निम्मं संपेपर्यंत गवताला त्रास होत नाही. मुळं तीस सेंटिमीटर गेलेली असतील तर पाच दिवसांची बेगमी झाली, पंधरा सेंटिमीटर असतील तर अडीच दिवसांची. तीनच सेंटिमीटर असतील तर एक दिवससुद्धा निघत नाही.

मग करायचं काय? वाफ्यांचं पाट-पाणी ज्यांनी पाहिलं आहे त्यांना उत्तर ठाऊक आहे. एक वाफा पुरता भरला की बारं मोडून पुढचा धरायचा. हिरवळीचेही मनाने चार तुकडे पाडावेत आणि दिवसाला एकच तुकडा भिजवावा. पंचवीस चौरस मीटरच्या तुकड्याला चार दिवसांची गरज सोळा-अठरा मिलिमीटर, म्हणजे चारशे ते साडेचारशे लिटर. पस्तीस-चाळीस मिनिटांत ते होतं. उरलेले तीन तुकडे त्या दिवशी कोरडे राहतात, ते राहू द्यावेत. मात्र एवढं पाणी सलग ओतू नये. काळ्या मातीत भेगा असतात तोवर ती घटाघटा पाणी पिते, मग फुगते, भेगा मिटतात आणि तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत जातं. बाकीचं रस्त्यावर. कोरियन कार्पेटच्या जुन्या उशांवर तर याहून अवघड. आतली वाळलेली काडी पाणी झटकते, थेंब पाऱ्यासारखे घरंगळतात आणि वर सगळं ओलं दिसत असताना आत बुडखा कोरडाठाक असतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं, मग अर्ध्या तासाची विश्रांती, मग पुन्हा, अशा दोन-तीन हप्त्यांत पाणी द्यावं. फिरता स्प्रिंकलर असेल तर सरळ कडांचे चार-पाच रिकामे डबे हिरवळीवर वेगवेगळ्या जागी ठेवावेत आणि नंतर प्रत्येकातलं पाणी पट्टीने मोजावं. एका डब्यात दुसऱ्याच्या दुप्पट पाणी सापडणं मुळीच दुर्मीळ नाही. हिरवळीवरचा पिवळा डाग बहुधा त्या अर्ध्या भरलेल्या डब्यापाशीच असतो.

पुढचं पाणी कधी, याला कॅलेंडर उपयोगाचं नाही. ढगाळ दिवस, वारा, झाडाची सावली यांनी गणित रोज हलतं. हिरवळीवरून चालत जावं आणि मागे वळून पाहावं. पाती लगेच उभी राहिली तर पाणी आहे. पावलांचे ठसे बराच वेळ उमटून राहिले तर गवत तहानलेलं आहे. शंका असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत खुपसावा. ओल असेल तिथवर तो सहज जातो, कोरड लागली की अडतो. खालची माती मुठीत दाबून गोळा झाला, हाताला पाणी लागलं नाही आणि बोटाने ढकलताच गोळा फुटला, तर अजून वाफसा आहे, थांबावं. गोळाच होत नसेल तर पाणी द्यावं. उसाला पाळी देणारा शेतकरीही हेच पाहतो.

यावर पहिला आक्षेप नेहमी उन्हाचा येतो. पारा बेचाळिसावर असताना चार दिवस पाणी नाही म्हणजे गवत करपणारच, असं वाटणं स्वाभाविक आहे. परदेशात गोल्फच्या मैदानांवर दुपारी हलका फवारा मारतात, हा दाखलाही दिला जातो. पण ते गवत थंड हवेतलं, तीन-चार मिलिमीटरवर छाटलेलं. त्याला उन्हाळा हे संकटच असतं. आपली गवतं तीस-पस्तीस अंशांत जोमाने वाढणारी आहेत. मुळं खोल आणि खाली ओल असेल तर बेचाळीस अंशांची दुपार ती निभावतात. दुपारचं मलूलपण संध्याकाळी आपोआप ओसरत असेल तर काळजी नको. सकाळीही पाती मिटलेली दिसली तर मात्र उशीर झाला. एक पथ्य पाळावं: या दिवसांत गवत बारीक कापू नये. चार-पाच सेंटिमीटर उंची ठेवली की स्वतःच्या सावलीने माती झाकली जाते. मे महिन्यात युरिया तर मुळीच टाकू नये.

वेळ पहाटेची उत्तम. वारा पडलेला असतो, हवा गार असते, बाष्प होऊन वाया जाणं कमी. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर पानांवर राहून बुरशी येते हे कोकणात, गोव्यात खरं आहे. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यातल्या कोरड्या रात्री तितकंसं नाही, तिथे रात्री पाणी देण्याने काही बिघडत नाही. दुपारी पाणी दिलं की थेंबांची भिंगं होऊन पानं जळतात, असं फार ऐकू येतं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं तेव्हा गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे भाजल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. दुपारचं पाणी टाळायचं ते बाष्पीभवनामुळे आणि वाऱ्यामुळे. शिवाय उन्हात पडलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी हाताला चटका देण्याइतकं कढत असतं, ते कोवळ्या गवतावर कधीच सोडू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. अनेक बंगल्यांत हिरवळीखाली जमीन अशी नसतेच. बांधकामाचा राडारोडा दाबून त्यावर दहा-बारा सेंटिमीटर लाल माती पसरलेली असते. तिथे खोल पाणी देणं म्हणजे डबराला पाणी पाजणं. कोकणातल्या जांभ्यावरच्या पातळ मातीचं, गच्चीवरच्या हिरवळीचंही तसंच. तिथे माझा नियम मोडत नाही, आकडा बदलतो. माती आहे तितकीच पुरी भिजवावी आणि दोन दिवसांनी पुन्हा द्यावं. आणि पावसाळा लागला की काटा मारून जमिनीला भोकं पाडावीत, त्यांत कुजलेलं खत आणि वाळू भरावी. मुळांना खाली वाट करून देणं हे पावसाळ्यातलं काम आहे, त्याचं फळ पुढच्या उन्हाळ्यात मिळतं. नव्याने अंथरलेल्या हिरवळीला मात्र रोज, दिवसातून दोनदाही पाणी लागतं, कारण तिला अजून मुळंच नाहीत. म्हणून हिरवळ जूनमध्ये लावावी, एप्रिलमध्ये लावू नये.

बोअरचं पाणी किंवा सोसायटीतल्या सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी फुकटच आहे, मग रोज दिलं तर काय बिघडलं, असंही विचारतात. बिघडतं. या पाण्यात क्षार असतात. थोडंथोडं पाणी रोज दिलं की पाणी उडतं आणि क्षार वरच्याच थरात साठतात. पानांची टोकं जळतात, मातीवर पांढुरकी झाक येते, आणि लोक ते उन्हाचं काम समजून आणखी थोडंथोडं पाणी देतात. क्षार खाली धुऊन जायला एकदाच भरपूर पाणी आणि चांगला निचरा लागतो.

राहिला सगळ्यात मोठा प्रश्न. साडेचार मिलिमीटर म्हणजे शंभर चौरस मीटरला दिवसाला साडेचारशे लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हे सरकारी प्रमाण, म्हणजे तीन माणसांहून अधिकांचं पाणी रोज या गवताला लागतं. ज्या राज्यात मे महिन्यात गावोगाव टँकर फिरतात तिथे हे पाणी द्यावं का, असं कुणी विचारलं तर तो आगाऊपणा नाही, रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर असं की हिरवळ गरजेपुरती लहान असावी, पाणी वापरलेलं शुद्ध केलेलं असावं, आणि टंचाई आली तर गवत खुशाल तपकिरी होऊ द्यावं. हरळी आणि कोरियन कार्पेट दोन्ही पाणी तुटलं की निजतात. पानं वाळतात, पण जमिनीलगतचे आणि जमिनीखालचे धावते जिवंत राहतात. दोन-तीन आठवड्यांतून एकदा दहा-बारा मिलिमीटर पाणी मिळालं तर ते तग धरतात, आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत हिरवळ पुन्हा भरते. महापालिकेने पाणीकपात जाहीर केली की बागेचा नळ आधी बंद करा, आणि हिरवळीसाठी टँकर कधीच मागवू नका.