पाच चौकटींचा शब्द

शब्दकोड्यांचे वेड मराठी माणसाला नवे नाही. रविवारच्या पुरवणीतील आडवे-उभे शब्द भरताना एका अडलेल्या शब्दापायी दुपारची वामकुक्षी मोडणारी मंडळी आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. हा खेळ मुळात पाश्चात्त्यांचा. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकाराने नाताळच्या तोंडावर, २१ डिसेंबर १९१३ रोजी, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आपले पहिले शब्दकोडे छापले आणि पाहता पाहता ते जगभर पसरले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्याच शहरातून आणखी एक कोडे निघाले. ते मात्र थेट आमच्या नांदगावच्या पडवीत येऊन बसले.

त्याचे नाव वर्डल. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दररोज पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा असतो आणि त्यासाठी सहा संधी मिळतात. आपण लिहिलेले अक्षर योग्य जागी असेल तर चौकट हिरवी होते. अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळी, आणि अक्षर मुळीच नसेल तर करडी. उत्तरांच्या मूळ यादीत सर्वांत अधिक वेळा येणारे अक्षर 'ई'. त्याच्या पाठोपाठ 'ए', 'आर', 'ओ' आणि 'टी'. म्हणून जाणते खेळाडू पहिला शब्द यांतील अक्षरे पाहूनच निवडतात. हा खेळ जॉश वॉर्डल या वेल्समध्ये वाढलेल्या तंत्रज्ञाने आपली सहचरी पलक शाह हिच्यासाठी रचला. इंग्रजीतील सुमारे १२,००० पंचाक्षरी शब्दांतून आपल्याला ओळखीचे वाटतील असे अडीच हजारांच्या आसपास शब्द तिनेच निवडले. १ नोव्हेंबर २०२१ रोजी हा खेळ खेळणारे जेमतेम ९० जण होते. दोन महिन्यांनी ते तीन लाखांवर गेले आणि जानेवारी २०२२ संपता संपता 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. एका माणसाने एका माणसासाठी केलेली गोष्ट लाखोंची झाली, याचे आम्हांस विशेष वाटते.

आमच्या घरी हा खेळ आणला तो मुंबईच्या नातीने, २०२२ च्या मे महिन्यात. आंबे-फणस खायला आली होती. तिचे शिक्षण सारे इंग्रजीतून. मराठी बोलायची, पण देवनागरी वाचताना जोडाक्षरापाशी अडखळायची. आमच्या सौ.नी मात्र जुन्या अकरावीपर्यंतचे इंग्रजी मन लावून केलेले. त्या दोघींचे सूत जुळले. नात मुंबईस परतल्यावरही रोज सकाळी दोघींच्या हिरव्या-पिवळ्या चौकटींची देवाणघेवाण चालू राहिली.

आम्ही पंच म्हणून बाजूला बसत असू. थोड्याच दिवसांत एक गोष्ट ध्यानी आली. नात तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात शब्द बरोबर काढी, पण अर्थ विचारला की गप्प होई. एकदा फोनवर विचारले, "बाय, ह्या शब्दाचो अर्थ काय गो?" ती हसून म्हणाली, "आजोबा, अर्थाला मार्क नसतात." बोलणे खोटे नव्हते. हिरव्या चौकटीला अर्थाशी काही देणेघेणे नसते. पण आयुष्यभर शाळेत फळ्यावर शब्द आणि त्यापुढे अर्थ लिहीत आलेल्या आम्हांला ते रुचेना. तेव्हा घरात एक वही घातली. डावीकडे त्या दिवसाचा इंग्रजी शब्द, मध्ये मराठी अर्थ आणि उजवीकडे आमच्या मालवणीत त्याला काय म्हणतात ते. संध्याकाळची जपमाळ झाली की सौ. लिहीत, आम्ही शब्दकोश उघडून बसत असू आणि त्या पानाचा फोटो नातीला जाई. तिने तो अर्थ वाचून एक मराठी वाक्य करायचे, असा करार ठरला.

वही भरू लागली तशी मौज वाढली. खेळातल्या शब्दांबरोबर इतरही पंचाक्षरी शब्द आम्ही त्यात घेऊ लागलो आणि इंग्रजांच्या शब्दकोशात आपल्याच किनाऱ्याची पुष्कळ माणसे भेटू लागली. 'मँगो' हा शब्द दक्षिणेतील भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडी गेला आणि त्यांच्याकडून इंग्रजांकडे. 'कोप्रा', म्हणजे आपले सुके खोबरे, 'बीटल' म्हणजे विड्याचे पान आणि 'अरेका' म्हणजे सुपारी, हे तिन्ही मलबारच्या किनाऱ्यावरून त्याच गलबतांतून गेले. 'टॉडी' म्हणजे आपली ताडी. 'कोब्रा' आणि 'कास्ट' हे मूळचे पोर्तुगीज. 'पंच' नावाच्या पेयात पाच जिनसा पडत म्हणून त्याचे नाव आपल्या 'पाच'वरून पडले, असेही पुष्कळ जण मानतात. आपले मुंगूसही इंग्रजीत गेले आहे, पण ते आठ अक्षरांचे झाल्याने या चौकटींत मावत नाही. उलट बाजूने पाव, चावी, पगार, घमेले, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिले. नातीला हे कळले तेव्हा तिने विचारले, "म्हणजे शब्दसुद्धा बोटीवर नोकरीला जातात?" ज्या किनाऱ्यावरच्या घरोघरचे पुरुष बोटीवर गेले, तेथल्या पोरीला हाच प्रश्न सुचायचा.

काही शब्दांनी आम्हांस छळलेही. जानेवारी २०२२ मध्ये एके दिवशी उत्तर आले 'फेव्हर', तेही अमेरिकन पद्धतीने, 'यू' गाळून. इंग्लंडातील खेळाडू त्यावर रागावले होते, असे नातीने सांगितले. आम्ही शाळेत गिरवले ते इंग्लंडचे स्पेलिंग. त्या हिशेबाने शब्द सहा अक्षरांचा होतो. सप्टेंबर २०२२ मधील 'पॅरर' या शब्दाने तर असंख्य लोकांची रोजची मालिका तोडली. पॅरर म्हणजे साल काढण्याचे साधन. सौ.नी त्यापुढे 'सोलाणे' लिहिले, मग थांबून म्हणाल्या, "आमका ह्या कित्याक होया? आमचो आडाळो आसा मा." आणि उजव्या रकान्यात त्यांनी आडाळो लिहिला.

आपल्या नित्याच्या प्रार्थनेतले कितीतरी शब्दही इंग्रजीत पाचच अक्षरांचे आहेत. फेथ, ग्रेस, मर्सी, क्रॉस, ऑल्टर, एंजल, साम, क्वायर. यातील 'साम' म्हणजे स्तोत्र. लिहिताना आरंभी 'पी' येतो आणि बोलताना तो मुका राहतो. 'क्वायर' लिहायचा सी-एच-ओ-आय-आर असा. ग्रेस म्हणजे कृपा, हे नातीला चटकन पटले. मर्सीपाशी मात्र वही अडली. दया, करुणा, क्षमा, यांपैकी नेमका कोणता? सौ.नी तिन्ही लिहिले आणि पुढे जागा मोकळी सोडली.

या निमित्ताने फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होई. इंग्लंडच्या या जेजुइट धर्मगुरूने १५७९ साली गोव्यात पाऊल टाकले, आपली भाषा शब्द शब्द वेचून आत्मसात केली आणि मराठीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली रायतूर येथे ते छापले गेले ते रोमन लिपीत, कारण मराठीचे खिळे नव्हते. एक इंग्रज आपल्या अक्षरांत आमची भाषा लिहितो आणि चार शतकांनंतर आमची नात त्याच अक्षरांची कोडी सोडवताना आमची भाषा शिकते. फादरांचा मार्ग अर्थातच अधिक कष्टाचा होता. त्यांच्याजवळ वहीचा फोटो पाठवणारे कोणी नव्हते.

ऑगस्ट २०२४ मधील एका रविवारी आम्ही मिस्सेला गेलो होतो. गुडघ्यांमुळे सौ. घरीच होत्या. मिस्सा संपून बाहेर पडतो तोच नातीचा फोन. "आजोबा, आजीचा मेसेज बघा. नुसती अक्षरे आहेत, शब्दच नाही." आम्ही शेजाऱ्यांना फोन केला. ते धावले. उजवा हात लुळा पडलेला, तोंड किंचित वाकडे आणि वाचा गेलेली. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. १०८ ची रुग्णवाहिका, पावसाचा रस्ता आणि जिल्ह्याबाहेरचे इस्पितळ. वेळेत पोहोचलो ते नातीच्या त्या फोनमुळे. पुढे वाचनात आले की फेब्रुवारी २०२२ मध्ये शिकागोजवळ एका ८० वर्षांच्या बाईंना घुसखोराने घरातच कोंडले होते. रोजच्या वर्डलचा निकाल मुलीकडे आला नाही म्हणून शंका आली, पोलिसांना कळवले गेले आणि त्यांची सुटका झाली. आमचे संकट वेगळे होते, पण त्या मुलीची घालमेल आम्हांस ओळखीची वाटली.

जीव वाचला. बोलणे मात्र परतले नाही. डॉक्टरांनी समजावले की मेंदूच्या डाव्या बाजूस इजा झाली की पुष्कळदा असे होते. माणसाला सारे उमजते, पण शब्द हाती लागत नाही. सौ. पाण्याच्या तांब्याकडे पाहत आणि 'पाणी' हा दोन अक्षरांचा शब्द त्यांना सापडत नसे. डोळ्यांत पाणी येई. मग आम्ही घरी परतलो त्या पहिल्याच संध्याकाळी एक नवल घडले. जपमाळ सुरू केली आणि सौ. आमच्याबरोबर नमो मरिया म्हणू लागल्या, अडखळत, पण अखंड. आम्ही चमत्कार म्हणणार होतो. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी सांगितले की पाठ प्रार्थना, गाणी, एक-दोन-तीनची मोजणी या गोष्टी अशा आजारात बहुधा टिकून राहतात, कारण त्या नव्याने शोधाव्या लागत नाहीत. हे शास्त्र ऐकूनही आमची कृतज्ञता कमी झाली नाही. सत्तर वर्षे रोज म्हटलेले शब्द अडचणीच्या काळी सोबतीला उभे राहिले होते.

एरवीच्या शब्दांसाठी मात्र झगडावे लागणार होते. तेव्हा नातीने सुचवले की वही काढा. नातीजवळ शब्द होता आणि अर्थ नव्हता. आजीजवळ अर्थ होता आणि शब्द हरवला होता. रोज सायंकाळी नात मुंबईहून फोनवर दिसे, वहीतला मराठी अर्थ स्वतः वाची, वस्तू दाखवी आणि पहिले अक्षर सांगून थांबे. "आ..." आणि आजी तोंडाशी झगडत शेवटी म्हणे, "आडाळो!" ज्या दिवशी हा शब्द आला त्या दिवशी आमच्या घरी सणच होता. नातीने मग मराठीचे खेळ रचले. मराठीत अक्षर मोजायचे ते जोडाक्षरासह एक, हे तिला आता पुरते कळले होते. पाच चौकटी काढून ती विचारी आणि उत्तरे असत कणकवली, फणसपोळी, सावंतवाडी. एकदा तिने ख्रिस्तपुराण घातले. सौ.ना ते तिसऱ्या दिवशी आले.

आज सौ. लहान लहान वाक्ये बोलतात. काही नावे परतली नाहीत आणि ती परततील असे आम्ही आता धरून बसत नाही. नात मराठी पुस्तक उघडून वाचते. जोडाक्षरे तिला अडवीत नाहीत. वाचकहो, आपापल्या घरी अशी एखादी वही घालावी, एवढीच विनंती. कोडे कोणतेही असो, मुलाने शब्द आणावा, वडीलधाऱ्यांनी अर्थ द्यावा आणि आपल्या बोलीचा रकाना रिकामा ठेवू नये. पुढे तो कोणाच्या उपयोगी पडेल हे कोणी सांगावे!

गेल्या महिन्यात सौ.नी स्वतःहून वही मागितली. डाव्या हाताने पाने उलटीत मर्सीच्या पानापाशी थांबल्या आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ विचार करीत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माया." आम्ही ते लिहून घेतले.