नऊ व्होल्टांचा बूस्टर

तार छेडली असता गिटारच्या पिकअपमध्ये जी विद्युत्-ऊर्मी उत्पन्न होते, ती शंभर-दोनशे मिलिव्होल्टांहून सहसा अधिक नसते, आणि एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर तिला लांबलचक वायरीतून, अनेक सांध्यांतून आणि जॅकांतून वाट काढीत एखाद्या मंडपातील लाउडस्पीकरच्या अवाढव्य यंत्रणेपर्यंत प्रवास करावयाचा असतो. वाटेत तिला बळ देणारी जी लहानशी पेटी वादकाच्या पायाशी ठेवतात तिला बूस्टर म्हणतात. किनवटात रेडिओ, टेप आणि अॅम्प्लिफायर यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करीत असताना मी अशा पेट्या बांधीत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की नाद वाढविणे हे या कामातील सर्वांत सोपे अंग होय. पेटीला सूर आणि खरखर यांतील भेद कळत नाही, तिच्या दारी जे येईल ते ती सारख्याच इमानाने वीस पटींनी मोठे करून पुढे पाठविते, आणि म्हणून जे वाढू नये त्याला दारातच अडविण्याची तजवीज करण्यात कारागिराचा बहुतेक वेळ आणि बहुतेक बुद्धी खर्ची पडते.

या पेटीचा मूळ नकाशा अमेरिकेतला. माइक मॅथ्यूज यांनी १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही कंपनी स्थापन केली. तिच्यासाठी बेल लॅबोरेटरीजमधील अभियंता रॉबर्ट मायर हे एक निराळेच उपकरण तयार करीत होते, आणि गिटारचा मूळ आवाज त्याला अपुरा पडतो असे दिसल्यावरून त्यांनी त्याच्या पुढे एक चिमुकली डबी जोडली होती. मॅथ्यूज यांचे लक्ष मुख्य उपकरणावरून उडून त्या डबीवरच खिळले, आणि ‘लिनिअर पॉवर बूस्टर’ या नावाने तीच स्वतंत्रपणे बाजारात आली. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, दोन कंडेन्सर आणि एक व्हॉल्यूम कंट्रोल एवढीच तिची सामग्री. त्या मुलखातील वादकांना आपले व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर मर्यादेपलीकडे ढकलून त्यांचा आवाज मुद्दाम भरडा करावयाचा होता, आणि त्या कामी ही डबी उपयोगी पडली.

आमच्याकडची गरज वेगळी आहे. पैनगंगेच्या काठच्या या तालुक्यात गिटारचा स्वतंत्र अॅम्प्लिफायर बाळगणारा वादक क्वचितच आढळेल. १४ एप्रिलच्या डॉ. आंबेडकर जयंतीपासून पुढे गावोगाव जे कार्यक्रम चालतात, आणि १९९४ सालच्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या स्मरणार्थ १४ जानेवारीस जे होतात, त्यांत लोककवी वामनदादा कर्डकांची परंपरा सांगणाऱ्या गायन पार्ट्या ढोलकी, हार्मोनियम, बेंजो आणि गिटार घेऊन बसतात, आणि या सर्वांचा आवाज मंडपवाल्याच्या अहुजासारख्या एकाच अॅम्प्लिफायरात जातो. तो अॅम्प्लिफायर भाषणांसाठी घडविलेला. त्याच्या माइकच्या जागी गिटार लावली तर तिचा सूर बोथट होतो, कारण ती जागा माइकच्या अल्प रोधाला साजेशी असते. दुसऱ्या, म्हणजे टेपच्या जागी लावली तर तेथे अपेक्षित असलेले बळ गिटारच्या अंगी नसते. या दोन दारांच्या मधोमध अडकलेल्या वाद्याला आत नेऊन सोडणे, हेच किनवटच्या बूस्टरचे काम.

१९५६ पर्यंत किनवट हैदराबाद संस्थानच्या, पुढे हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. सरहद्द बदलली तरी आमच्या धंद्याचा ओढा काही अंशी अद्याप तिकडेच आहे, आणि नांदेडला जो माल मिळत नाही तो रेल्वेने हैदराबादेस जाऊन कोठीच्या बाजारातून आणावा लागतो. बूस्टरसाठी मात्र इतके दूर जाण्याचे कारण पडत नाही. मूळ नकाशात ४३० आणि ४३ किलोओहमचे दोन रेझिस्टन्स ट्रान्झिस्टरच्या बेस, कलेक्टर आणि एमिटर या तीन पायांपैकी बेसवर दाब ठरवितात. ती मूल्ये आमच्याकडे सहज मिळत नाहीत, पण ४७० आणि ४७ चे जोड कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात पडलेले असतात, आणि दोहोंमधील प्रमाण तेच राहत असल्याने बेसला पूर्वीइतकाच दाब मिळतो. कलेक्टरला १० किलोओहम, एमिटरला ३९० ओहम, आणि ट्रान्झिस्टर म्हणून बी.सी. ५४७. आमच्या आधीच्या पिढीने याच जागी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा बी.सी. १४८ वापरला असता, आणि तोही बेलाशक चालला असता.

सागाच्या जंगलाचा तालुका असल्यामुळे पेटी सागवानी करावी अशी इच्छा पुष्कळांना होते, आणि ती दिसतेही देखणी. परंतु लाकूड हवेतील विद्युत्-लहरींना अटकाव करीत नाही, आणि मंडपातील ट्यूबलाइट, डिमर व खिशांतले मोबाईल यांचा सारा उपद्रव त्या लाकडातून सरळ आत शिरतो. म्हणून पेटी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची हवी, आणि तो पत्रा अर्थच्या तारेस जोडलेला हवा. लाकडाची हौस असेल तर ती बाहेरून पुरवावी. आतील मांडणीत येणारी तार आणि जाणारी तार एकमेकींपासून दूर ठेवाव्यात, कारण वीस पटींनी वाढलेला आवाज परत मूळ तारेत झिरपला की पेटी आपणहून शीळ घालू लागते. कथिलाचा डाग देताना आधी तांब्याची पट्टी तापवावी आणि मग तिच्यावर कथील वाहू द्यावे; चकचकीत, पसरट आणि पायाला चिकटून उतरणारा डाग हा चांगला, तर गोळ्यासारखा, धुरकट, वर फुगलेला डाग हा भविष्यातील तक्रारीचा दाखला. पायाने दाबावयाच्या नऊ पिनांच्या स्विचवर मात्र हात झटपट चालावा लागतो, कारण त्याच्या पोटातील प्लास्टिक उष्णतेने सैल होऊन आतले पाते जागचे हलते.

पेटी बांधून झाली आणि बोलली नाही, तर तिची तहकिकात सुरू करावयाची ती मीटर हाती घेऊन, आणि क्रमाने. प्रथम बॅटरीचा दाब, मग कलेक्टरचा, मग एमिटरचा. कलेक्टरवर पुरते नऊ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टरमधून प्रवाहच वाहत नाही. कोठे तरी डाग कच्चा आहे, किंवा वरच्या ४७० किलोओहमची वाट तुटली आहे. कलेक्टर आणि एमिटर जवळजवळ एकाच पातळीवर आले असतील तर ट्रान्झिस्टर तुडुंब भरला आहे, आणि संशय खालच्या ४७ किलोओहमवर घ्यावा. बेस मी शेवटी मोजतो, आणि जुना काट्याचा मीटर असेल तर मुळीच मोजत नाही, कारण काट्याला हलावयास लागणारा प्रवाह तो बेसमधूनच ओढतो आणि जो दाब दाखवितो तो त्याच्याच हस्तक्षेपाने खाली आलेला असतो. अमेरिकन नकाशावरून बांधणाऱ्या नवशिक्या मुलांच्या पेट्यांत आणखी एक दोष वारंवार सापडतो: तिकडच्या ट्रान्झिस्टरची चपटी बाजू आपल्याकडे केली असता डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे पाय येतात, तर ५४७ मध्ये ते नेमके उलट क्रमाने येतात, आणि उलटा बसलेला ट्रान्झिस्टर अगदी मुका न राहता क्षीण, पडका आवाज देत राहत असल्यामुळे शोधणाऱ्याचे लक्ष भलतीकडेच जाते. सर्व दाब यथास्थित असून आवाज नसेल, तर एका तारेच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडून, दुसरे टोक अॅम्प्लिफायरला देऊन, त्या तारेने गिटारचा सूर आतील एकेका सांध्यावर ऐकत जावे. ज्या सांध्यापुढे तो हरवतो तेथेच गुन्हेगार.

एका एप्रिलात गायन पार्टीतील एक तरुण माझ्याच हातची पेटी घेऊन दुकानी आला. ‘काका, जानेवारीत लई गोड वाजली, आता आवाज फाटायलाय,’ एवढीच त्याची फिर्याद. पेटी बाकावर घेऊन नव्या बॅटरीवर लावली तर तक्रार दिसेना. ‘बाळा, तू कशावर चालवतोस?’ असे विचारल्यावर त्याने पिशवीतून एलिमिनेटर काढला. बॅटरीचा खर्च परवडत नाही म्हणून जानेवारीनंतर त्याने तो विकत घेतला होता. त्यावर नऊ व्होल्ट असे छापलेले होते, परंतु मीटर लावला तेव्हा तेरा दिसले, आणि यात नवल काही नाही: नियमनाशिवायचा एलिमिनेटर भरपूर भार असतानाच आपल्या छापील आकड्यापर्यंत उतरतो, आणि बूस्टर तर त्याच्याकडून, चालू असल्याची खूण देणाऱ्या दिव्यासकट, काही मिलिअँपिअरच मागतो. तेव्हा कलेक्टरवर मीटर ठेवला. बॅटरीवर पाचच्या आसपास असणारा दाब एलिमिनेटरवर दोनवर आला होता.

पुरवठा वाढला असताना कलेक्टर खाली का यावा, हा प्रश्न त्या तरुणाने केला, आणि तो योग्यच होता. पुरवठा नवावरून तेरावर गेला की बेसचा दाब त्याच प्रमाणात वाढतो. परंतु बेस आणि एमिटर यांच्यामधला सुमारे ०.६ व्होल्टांचा उंबरठा वाढत नाही, उलट उष्म्याने तो दर अंशास सुमारे दोन मिलिव्होल्टांनी खचतो. उंबरठ्यापलीकडे जे उरते ते सारे ३९० ओहमच्या वाट्याला येते, आणि ते बॅटरीवर मुळातच इतके थोडे असते की पुरवठ्यातील चार व्होल्टांनी प्रवाह दुपटीहून अधिक होतो. तो वाढलेला प्रवाह १० किलोओहममधून जाताना इतका दाब गिळतो की सुराला खाली झुकावयास जागाच शिल्लक राहत नाही, आणि त्याचा खालचा अर्धा भाग छाटला जातो. कानाला हेच फाटणे ऐकू येते. जानेवारीची थंड रात्र आणि एप्रिलची तापलेली संध्याकाळ यांत पंचवीस अंशांची तफावत धरली तरी कलेक्टरवर जवळजवळ एक व्होल्टाचा फरक पडतो, म्हणजे ऋतूचाही या प्रकरणात हिस्सा होता. मुख्य दोष मात्र पुरवठ्याचा.

नवा, नियमन केलेला एलिमिनेटर घे, असे सांगून त्याला वाटेला लावता आले असते. पण गावोगावच्या मंडपात हाती येईल त्या पुरवठ्यावर चालणे हे या पेटीचे प्राक्तनच आहे, तेव्हा ती त्यास समर्थ असली पाहिजे अशी माझी धारणा आहे. एमिटरचा ३९० ओहम काढून तेथे १ किलोओहम घातला, आणि त्यास जुळते म्हणून वरच्या ४७० च्या जागी ३३० किलोओहम. मग बॅटरीवर कलेक्टर साडेचार व्होल्टांच्या जवळ राहिला आणि एलिमिनेटरवर चारच्या आसपास. उष्म्याचा परिणामही निम्म्याहून कमी झाला. मोबदल्यात पेटीची वाढ वीस पटींवरून आठ-साडेआठ पटींवर आली. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला ढकलणाऱ्या वादकाला ही तूट खुपेल. टेपच्या जागेसाठी साडेआठ पट पुरेशी आहे, आणि जोराने वाजविलेला झंकारही त्यात न छाटता मावतो.

एलिमिनेटरवर पेटीत हमिंगही येत होते, त्याचा बंदोबस्त निराळा करावा लागला. आपल्या विजेचे ५० आवर्तन एलिमिनेटरच्या डायोडांतून जाताना १०० होते, आणि तो घुमारा बेसच्या वाटेने सुरात मिसळतो. बॅटरी लावताच घुमारा थांबला तर दोष पुरवठ्यात, आणि बॅटरीवरही राहून तारांना हात लावताच थांबला तर अर्थमध्ये, ही त्याची रुजुवात. येथे तो पुरवठ्यातच होता. पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहम आणि त्यापुढे अर्थला २२० मायक्रोफॅरडचा, तेरा व्होल्ट सहज सोसावेत म्हणून २५ व्होल्टांचा कंडेन्सर घातला, आणि दिव्याची वाट त्या १०० ओहमच्या अलीकडून काढली, म्हणजे दिवा लागताना होणारा खटका सुराच्या वाटेत येत नाही.

पेटी नेताना त्याने बेंजोवाल्यासाठीही तशीच एक सांगितली. ती अगदी तशीच मात्र करता येत नाही. बेंजोच्या कळा दाबताना त्यांचा जो ठोका पडतो तो पिकअप इमानेइतबारे उचलतो, आणि गिटारसाठी सूर आत येण्याच्या वाटेवर ठेवलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्याला निर्वेध आत सोडतो. त्या जागी ०.०२२ चा घातला की दोनशे आवर्तनांच्या खालचा भाग उतरू लागतो, कळांचा धपका मागे सरतो आणि तारांचा टणत्कार होता तसा राहतो. बाकी सर्व मूल्ये तीच ठेवून त्या पेटीच्या पत्र्याला भोके पाडावयास मी घेतली.