कळा खोट्या, पण फेरी फुकट नाही

भगिनींनो, घरात सुनेला किंवा लेकीला नववा लागला की एक प्रसंग हमखास येतो. तिन्हीसांजेला पोट दगडासारखे घट्ट होते, कंबर धरते आणि घरभर धावपळ उडते. कोणी पिशवी भरते, कोणी रिक्षा बघायला जाते. इस्पितळात पोचेपर्यंत दुखणे थांबलेले असते. नर्सबाई तपासतात आणि सांगतात, "अजून वेळ आहे, घरी जा." यालाच आपण खोट्या कळा म्हणतो.

नाव खोट्या कळा असले तरी दुखणे खोटे नसते, हे आधी ध्यानात घ्या. गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. ती मधूनमधून आवळते आणि सैल पडते. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ साली या आवळण्याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर लोक आजही त्याला त्याच्याच नावाने ओळखतात. या आवळण्याने गर्भाशयाचे तोंड उघडत नाही आणि बाळंतपण पुढे सरकत नाही, एवढाच फरक.

आमच्या वेंगुर्ल्याकडे काजू-आंब्याच्या हंगामात हे फार दिसते. ऊन, दमट हवा, अंगाला घामाच्या धारा. बाई दिवसभर वाकून काजूबी वेचते, पाणी पीत नाही, लघवीलाही वेळेवर जात नाही. मग संध्याकाळी पोट आवळू लागते. माझ्या सुनेला असे झाले की आम्ही आधी तिला दोन भांडी पाणी किंवा मीठ घातलेली पेज देत असू. लघवीला जाऊन यायचे आणि डाव्या कुशीवर पडायचे. आधीच पडून असेल तर उठून अंगणात चार पावले चालायचे. कोमट पाण्याच्या अंघोळीनेही बरे वाटते. एवढ्याने खोट्या कळा बहुधा निवतात.

न निवल्या तर घड्याळ बघा. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटे गेली, ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. खोट्या कळांना नेम नसतो. एक दहा मिनिटांनी येते, दुसरी अर्ध्या तासाने, आणि जोर वाढत नाही. खऱ्या कळांचे अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. त्या बहुधा कंबरेतून निघून पुढे ओटीपोटात येतात, आणि चालले किंवा पडले तरी थांबत नाहीत. रक्ताची छटा असलेला चिकट स्राव दिसला तर बाळंतपण जवळ आले समजावे. पहिलटकरणीला तासभर दर पाच मिनिटांनी कळ येऊ लागली की निघावे. गाव आडबाजूला असेल किंवा दुसरे-तिसरे बाळंतपण असेल, तर त्याच्याही आधी.

काही वेळा मात्र घड्याळ बघत बसूच नये. पाणमोट फुटून पाणी गेले, रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, पोट सैल न पडता कडकच राहिले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप भरला, तर लगेच निघा. ३७ आठवडे भरण्याआधी नेमाने कळा येऊ लागल्या, किंवा आधीचे बाळंतपण सिझरने झालेले असताना कळा सुरू झाल्या, तरीही तसेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या वाडीतली एक सून अशीच एकदा इस्पितळातून परत आली. पाणवठ्यावर बायकांनी थट्टा केली, "काय गो, रिकाम्याच हातान परत इलंस?" मस्करीच ती, पण तिच्या मनाला लागली. आठ दिवसांनी मध्यरात्री खऱ्या कळा सुरू झाल्या, तेव्हा पुन्हा हसे होईल म्हणून ती पहाटेपर्यंत ओठ चावून पडून राहिली. बाहेर आषाढातला पाऊस, वहाळाला पाणी चढलेले. मूल वाटेत रिक्षातच जन्मले. मायलेकरे वाचली, पण दर वेळी दैव असे धावून येईलच असे नाही.

म्हणून सांगते, तपासून परत येणे यात लाज नाही. गर्भाशयाचे तोंड उघडले की नाही, हे घरी बसून ना सासूला कळते, ना शेजारणीला. ते तपासणीतच कळते. खर्चाची भीती असेल तर हे लक्षात ठेवा, की २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळात बाळंतपण, औषधे आणि घरून नेणारी गाडी विनामूल्य आहे. आशाताईंचा नंबर आणि १०२ व १०८ हे आकडे भिंतीवर लिहून ठेवा. पावसात तुमच्या वाटेवर पाणी चढत असेल, तर दिवस भरण्याआधीच तिला इस्पितळाजवळच्या नातलगांकडे नेऊन ठेवा.

आणि ती परत आली, तर तिला गरम पेज वाढा आणि सांगा, "बरे झाले जाऊन आलीस. पुन्हा दुखले तर रात्री कितीही वाजता हाक मार."