चुकीच्या कोर्टात लावलेला दावा

कारखान्याच्या सांडपाण्याने विहिरी नासल्या म्हणून शेतकरी माझ्याकडे आले, तेव्हा मी सवयीने दिवाणी दावा लावला. बांधाची, वहिवाटीची, पाटाच्या पाण्याची भांडणं मी आयुष्यभर तालुक्याच्या कोर्टात चालवली होती. मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई तिथेच मागायची, यात मला शंकाच आली नाही. हरित लवादाचा २०१० चा कायदा मी नुसता ऐकून होतो, वाचलेला नव्हता.

प्रतिपक्षाच्या वकिलांनी त्याच कायद्याचं कलम २९ कोर्टापुढे ठेवलं. लवादाच्या कक्षेतले वाद दिवाणी न्यायालयाला चालवता येत नाहीत. दावा संपला, आणि तोवर शेतकऱ्यांचा पुढचा हंगामही गेला होता.

दुसरी चूक मुदतीची. कलम १४ खाली अर्ज करायला सहा महिने मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस. सांडपाणी रोज येतंय, म्हणजे मुदतही रोज नव्याने सुरू होते, असं मी धरून चाललो होतो. कायदा मात्र वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवलं तेव्हापासून मोजतो. भरपाईसाठी आणि पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी कलम १५ मध्ये पाच वर्षांची मुदत आहे, म्हणून त्या शेतकऱ्यांना मागण्यासारखं काही तरी उरलं. चूक माझी आहे, हे मी त्यांना समोर बसवून सांगितलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. शहरातल्या वृक्षतोडीचं प्रकरण आलं आणि मी थेट लवादाचा अर्ज तयार केला. त्या प्रकरणाचा सगळा भार राज्याच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यावर होता आणि तो लवादाच्या अनुसूचीत नाही. पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता असे मोजकेच केंद्रीय कायदे तिथे आहेत. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदाही त्यात नाही. अशा वेळी उच्च न्यायालयात रिट करावं लागतं, आणि लवाद असला तरी उच्च न्यायालयाचा तो अधिकार अबाधित आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इतकं होऊनही हे वाद लवादानेच ऐकावेत, असं मला वाटतं. तिथे न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्य बसतात. रसायन जमिनीखालून विहिरीपर्यंत कसं पोचलं, हे समजून घेणारं माणूस न्यायासनावर असावंच लागतं. पण महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा या तिन्ही राज्यांसाठी खंडपीठ एकच, पुण्यात. गडचिरोलीच्या शेतकऱ्याने तिथवर पोचेपर्यंत त्याच्या विहिरीचं काय?

म्हणून माझं मागणं साधं आहे. लवादाचा निर्णय येईपर्यंत सांडपाणी थांबवण्याचा तात्पुरता हुकूम तालुक्याच्या कोर्टाला देता यावा. चुकीच्या ठिकाणी आलेलं प्रकरण फेटाळण्याऐवजी योग्य ठिकाणी वर्ग व्हावं, आणि मध्ये गेलेला वेळ मुदतीतून आपोआप वगळला जावा.

आता पक्षकार आला की मी आधी तीन गोष्टी विचारतो: त्रास पहिल्यांदा कधी दिसला, कोणता कायदा मोडला गेला, पाण्याचे नमुने तपासलेत का. हे प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवे होते. पण वकील चुकला म्हणून एखाद्या घराचं पिण्याचं पाणी जावं, अशी कायद्याची रचना असता कामा नये.