कोटगढच्या बागेंतील एक निरभ्र रात्र

सिमल्याहून निघून नारकंड्याची खिंड ओलांडली, कीं जुन्या हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावर सतलजच्या खोऱ्याकडे उतरणारा कोटगढ-ठाणेदारचा मुलूख लागतो. आपल्या घरीं पूजेला येणाऱ्या हिमाचली लाल सफरचंदाचें माहेर तें हेंच. १९०४ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं हिंदुस्थानांत आलेले अमेरिकन गृहस्थ सॅम्युअल स्टोक्स पुढें येथें स्थायिक झाले. १९१६ सालीं त्यांनीं मायदेशांतून 'रेड डेलिशस' जातीचीं रोपें आणून लावलीं. १९३२ सालीं हिंदुधर्म स्वीकारून ते सत्यानंद झाले. त्यांच्या त्या रोपांच्या वंशावर आज या डोंगरांतील असंख्य संसार चालतात.

गेल्या चैत्रांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीनें तेथील एका बागाईतदारांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. सफरचंदाच्या कळ्या गुलाबी, फुलें शुभ्र. नासपतीचा बहर तर त्याच्याहि आधीं पुरा उमललेला. यंदा बर्फ कमी पडला व फाल्गुनांतच ऊन तापलें, म्हणून फुलें आठ-दहा दिवस लवकर आलीं, असें यजमान म्हणाले. मला तें माझें भाग्यच वाटलें.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं वारा पडला, आकाश निवळलें आणि तारे असे कांहीं चमकूं लागले, कीं मीं मोकळेपणीं त्या रात्रीची स्तुति केली. यजमान वर पाहत हळूच म्हणाले, "मास्टरजी, आज ढग असते तर बरें होतें. पाला पडेल."

मराठी कानाला 'पाला' म्हणजे झाडाचीं पानें. त्याचें मूळ 'पल्लव'. हिंदींतला पाला मात्र संस्कृत 'प्रालेय', म्हणजे हिम, यापासून आलेला. एकच उच्चार, पण एक झाडाचें वैभव, तर दुसरा त्याचा काळ!

याचें कारण यजमानांनीं कंदील घेऊन बागेंत हिंडतां हिंडतां सांगितलें. दिवसा तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे टाकते. ढग असले तर तें पांघरूण होतें. आकाश निरभ्र व वारा स्तब्ध असला, तर जमिनीलगतची हवा गारठते, जड होते, आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खोलगटांत सांचते. म्हणून वरचीं झाडें वांचतात, खालचीं सांपडतात. भर हिवाळ्यांत मिटलेली कळी कडाक्याची थंडी सोसते. उमललेल्या फुलाला तें बळ नाहीं. पूर्ण बहरांत शून्याखालीं २.२ अंश सेंटिग्रेडला सुमारें दहावा हिस्सा फुलें मरतात, आणि ३.९ अंशांना दहांतलीं नऊ! वर्षाची कमाई व सर्वनाश यांत दोन अंशांचेंहि अंतर नाहीं.

युरोपांत कित्येक ठिकाणीं अशा रात्रीं झाडांवर सारखें पाणी शिंपडतात. पाणी गोठतांना प्रत्येक ग्रॅममागें ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतें, आणि तीच फुलाला वांचविते. पण येथें पाणी कुठलें? झऱ्याची एक बारीक धार, ती घराला पुरे. म्हणून छाटणीच्या काटक्यांचे ढीग पेटविले. धुरानें विशेष साधत नाहीं, जी थोडीफार ऊब मिळेल तीच कामाची. आपल्याकडे निफाडच्या बाजूला द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवितात, त्याची मला आठवण झाली. पहांटे खालच्या खोलगटांतील उष्णतामापक शून्याखालीं तीन अंश दाखवीत होता.

सूर्य वर आला. सगळी बाग पूर्ववत् शुभ्र! मी आनंदानें म्हणालों, "वांचली म्हणायची!" यजमानांनीं उत्तर न देतां खालच्या ओळींतलें एक फूल खुडलें व अंगठ्याच्या नखानें मधोमध चिरून माझ्या हातावर ठेवलें. पाकळ्या पांढऱ्या, केसर पिवळे, आणि गर्भ काळा. "पाकळ्या दोन-तीन दिवस अशाच दिसतील," ते म्हणाले. मग आम्ही दोघे फुलें चिरून मोजूं लागलों. खालीं दहांत सात काळीं. वरच्या ओळींत दहांत दोन. खालच्या नासपतीचें बहुतेक सर्वच गेलें होतें. सफरचंदाच्या घोसांत मधलें फूल आधीं उमलतें; कडेच्या मिटलेल्या कळ्यांवर काय ती आशा.

यजमानांची कन्या सिमल्यास शिकते. तिची फी, मजुरांची मजुरी, औषधांच्या फवारणीची उधारी, सारें श्रावणांतल्या फळांवर ठरलेलें. म्हाताऱ्या मातोश्रींना एवढ्यांत सांगूं नये, असें ते मला म्हणाले. घरीं येतों तों त्या चहा घेऊन दारांतच उभ्या. त्यांच्या पदरांत चिरलेल्या फुलांची मूठ. त्या आमच्याआधींच बागेंत जाऊन आल्या होत्या. "वरच्या ओळी आहेत ना," एवढेंच त्या बोलल्या. आदल्या सायंकाळच्या माझ्या स्तुतीची मला फार लाज वाटली.

श्रावणांत यजमानांचें पत्र आलें. पीक निम्म्याहून कमी. उधारी राहिली, पण मुलीची फी भरली. सोबत फळांची एक पेटी होती. कित्येक फळांभोंवतीं खरखरीत तपकिरी कडें होतें. नातवंडें म्हणालीं, "आजोबा, हीं खराब आहेत." खराब नव्हेत. हिमांत सांपडूनहि जीं वांचलीं, त्यांच्या अंगावर राहिलेला तो त्या रात्रीचा वण. बाजारांत त्यांना भाव येत नाहीं. आमच्या देव्हाऱ्यांत मात्र त्यांतलेंच एक ठेवलें.