घाटेअळीचा वैरी आणि चिठ्ठीवरची चौथी ओळ

(१) नांदेडजवळच्या विष्णुपुरी परिसरात दिवाळीनंतर हरभऱ्याचे पीक जमीन झाकू लागते. पहाटे पानांवर दव साचते आणि त्यात पानांतून स्रवणारे आम्ल मिसळते. हीच 'आंब'. रात्री पिकावर धुतले फडके पसरून ती टिपण्याची रीत जुनी आहे. अशा ओल्या रानांतून गांधीलमाश्या वेचत हिंडणाऱ्या अभ्यासकांचा हा इतिहास.

(२) गांधीलमाशी म्हटली की डंख आठवतो. परंतु या कीटकसमूहातील असंख्य जाती माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. त्यांची मादी दुसऱ्या किडीच्या शरीरात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी यजमानाला आतून खाते आणि अखेरीस त्याचा जीव घेते.

(३) एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या वनखात्यात रॉबर्ट चार्ल्स रॉटन नावाचा अधिकारी होता. खात्याचे काम सांभाळून तो मुंग्या आणि गांधीलमाश्या गोळा करी. त्याचे नमुने स्वित्झर्लंडमध्ये ऑग्युस्त फोरेल आणि इंग्लंडमध्ये पीटर कॅमेरॉन यांच्याकडे जात. वेचणारा इथला, नाव ठेवणारा समुद्रापलीकडचा, अशी ती व्यवस्था होती.

(४) रॉटनचे कार्यक्षेत्र मुंबई इलाख्याचे होते. नांदेड आणि लातूर मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. गोदाकाठच्या काळ्या रानांतील या जिवांची नोंद व्हायची, तर ती पुढे इथल्याच माणसांना करावी लागणार होती.

(५) टाचणीवर टोचलेल्या माशीखाली एक चिठ्ठी असते. तिच्यावर स्थळ, दिनांक आणि वेचणाऱ्याचे नाव असते. या तीन ओळी नसतील तर नमुन्याला शास्त्रीय मोल उरत नाही. पण जाळ्यात पकडलेली माशी कोणत्या किडीच्या पोटात वाढली, हे या तीन ओळींतून कळत नाही. शेतकऱ्याला तर नेमके तेच हवे असते.

(६) सी. टी. बिंगहॅम यांचा भारतातील गांधीलमाश्या व मधमाश्यांवरचा ग्रंथ १८९७ मध्ये निघाला. किडींच्या शरीरात वाढणाऱ्या इक्न्युमोनिड कुळावरचा खंड त्याच मालेत क्लॉड मॉर्ले यांनी लिहिला, तो १९१३ मध्ये आला. शेताचे राखणदार ग्रंथात उशिरा पोहोचले.

(७) यजमान ठाऊक झाला की काय घडते? कोटेशिया फ्लॅविपेस या माशीचे वर्णन कॅमेरॉन यांनी १८९१ मध्ये केले. ही खोडकिड्यांवर जगते हे समजल्यावर तिला १९७० च्या दशकात ब्राझीलच्या उसात आणि १९९३ मध्ये केनियाच्या मक्यात मुद्दाम सोडण्यात आले.

(८) मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला स्थापन झाले. तेथील प्राणिशास्त्रज्ञ पी. के. निकम यांनी १९८० मध्ये एनिकोस्पिलस या निशाचर प्रजातीच्या भारतीय जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी मराठवाड्यातील तूर आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीत परजीवी माश्यांचे प्रमाण किती, हे तपासले. प्रश्न आता शेताच्या बांधावर आला होता.

(९) अशा अभ्यासात केवळ जाळे पुरत नाही. शेतातून अळ्या आणायच्या, त्यांना पाला घालायचा आणि वाट पाहायची. प्रत्येक अळीला वेगळी डबी लागते, कारण घाटेअळ्या एकमेकींना खातात. एखाद्या डबीत पतंगाऐवजी माशी निघते आणि चिठ्ठीवर चौथी ओळ चढते: यजमान.

(१०) या शोधातले ठळक नाव म्हणजे कॅम्पोलेटिस क्लोरिडी. तोइची उचिदा या जपानी कीटकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये तिचे वर्णन केले. ती कोवळ्या घाटेअळीत एकच अंडे घालते. अळी मोठी होऊन घाटे पोखरण्याआधीच आतला जीव तिला संपवून बाहेर पडतो आणि पानावर लहानसा राखाडी कोष विणतो.

(११) औषधाच्या फवाऱ्याला मात्र घाटेअळी आणि माशी यांतला भेद कळत नाही. १९८७ मध्ये आंध्रच्या कापूस पट्ट्यात पायरेथ्रॉइड औषधे या अळीपुढे निकामी ठरली. अळी औषधाला सरावते. माशीला मात्र फवाऱ्याचाही मार बसतो आणि यजमान मेल्यावर उपासमारही होते.

(१२) १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. आवाराबाहेर शेते आहेतच. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी हिवाळ्यात एकदा हरभऱ्याच्या पानांवर तो राखाडी कोष शोधावा. आणि घरची शेती असेल, तर पंप पाठीला लावण्यापूर्वी असे कोष किती आहेत, ते मोजावे. संग्रहालयातल्या त्या चौथ्या ओळीचा उपयोग तिथेच ठरतो.