आमचा एक चुकलेला शब्द

एकदां वारंगा फाट्यावर कांहीं विद्यार्थ्यांसह नांदेडच्या गाडीची वाट पाहत आम्ही चहा घेत होतों. हॉटेलवाल्याच्या कढईच्या धुवणावर तेलाचा तवंग होता. तो दाखवून आम्हीं म्हटलें, "पाहा, तेल व पाणी कधींच एक होत नाहींत." तोंच एक मुलगा नम्रपणें म्हणाला, "सर, मग दुधांत स्निग्धांश व पाणी एकत्र कसे नांदतात?" आम्ही निरुत्तर झालों.

घरीं येऊन वाचलें, तों कळलें कीं, 1927 सालीं अमेरिकेंतील वुड व लूमिस ह्या शास्त्रज्ञांनीं श्रवणातीत ध्वनीनें तेल पाण्यांत मिसळून दाखविलें होतें. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें 20,000 कंपनांपर्यंतच ऐकतो. त्याहून जलद व जोरकस कंपनांनीं द्रवांत सूक्ष्म बुडबुडे उपजतात व तत्काळ कोसळतात. त्या आघातानें तेल फुटून त्याचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यांत विखुरतात आणि मिश्रण दुधासारखें दिसूं लागतें. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंत प्रा. अनिरुद्ध पंडित ह्यांनीं बुडबुड्यांच्या ह्याच शक्तीवर दीर्घकाळ संशोधन केलें आहे. मात्र थेंब पुन्हां जुळूं नयेत म्हणून साबणासारखा मध्यस्थ लागतो. दुधांत तें काम स्निग्ध कणांभोंवतालचें पातळ वेष्टण करितें.

दुसरे दिवशीं वर्गांत आम्हीं आपलें वाक्य फळ्यावर लिहिलें. मग त्या मुलास पुढें बोलावून सर्वांदेखत "कधींच" हा शब्द पुसावयास सांगितला, व त्याच्या जागीं आम्हीं लिहिलें, "आपण होऊन".